मागच्या वेळेसारखंच होणार का?

पहिलटकरणीला काय विचारावं तेच सुचत नाही. दुसऱ्या खेपेची बाई मात्र दारातूनच प्रश्न घेऊन येते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत, बाळंतपणाच्या खोलीत वीसेक वर्षं काढलेल्या एका सिस्टरना तो प्रश्न आता आधीच ओळखू येतो. बाईच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते, पिशवीत मागच्या बाळंतपणाची दुमडलेली फाइल असते आणि सोबतच्या सासूच्या चेहऱ्यावर ‘हिचं हे असंच’ असा भाव असतो. ‘‘सिस्टर, मागच्या टायमाला दिवस उलटले होते. कळा आणाव्या लागल्या. आता पण तसंच होणार का?’’

‘नाही गं, दुसरं सोपं जातं’ हे वॉर्डातलं तयार उत्तर. सिस्टर ते देत नाहीत. होऊ शकतं, पण होईलच असं नाही, एवढं सांगून त्या फाइल मागतात.

या सावध उत्तरामागे आकडे आहेत. डेन्मार्कमधल्या जन्मनोंदींचा एक मोठा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे पहिल्या वेळी ४२ आठवडे उलटले होते, त्यांच्यातल्या जवळपास २० टक्के बायकांचे दुसऱ्या वेळीही उलटले. पहिल्या वेळी तसं न झालेल्यांमध्ये हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे शक्यता अडीच पट वाढते, पण पाचातल्या चौघी दुसऱ्या वेळी तेवढ्या लांबत नाहीत. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. दुसऱ्या बाळाचा बाप वेगळा असेल, तर शक्यता थोडी कमी होते. दिवस लांबण्यात बाळाच्या आणि त्याच्या बापाच्या बाजूनंही काही येतं, असा त्याचा अर्थ. हा शेवटचा भाग सिस्टर वॉर्डात सांगत नाहीत. ‘हिचं हे असंच’ म्हणणाऱ्या सासूला तो सांगावा असं मात्र त्यांना अनेकदा वाटतं.

सिस्टर स्वतः खाटेच्या दोन्ही बाजूंना राहून आल्या आहेत. त्यांची दोन्ही बाळंतपणं तारीख उलटून, कळा आणून झालेली. पहिलं रीतीप्रमाणे माहेरी, ओतूरच्या बाजूला. तारीख टळून आठवडा होत आला तरी पोट ढिम्म होतं. मग घराघरांतून सल्ले सुरू झाले. आईचं म्हणणं, संध्याकाळी मळ्यापर्यंत चालून ये. शेजारणीनं कोमट दुधातून एरंडेल घ्यायला सांगितलं. आत्याबाईंचा आग्रह लेण्याद्रीला जायचा. गिरिजात्मज म्हणजे पार्वतीचा मुलगा, तिनं तिथं तप करून मिळवलेला. त्यामुळे या भागात लेकराशी संबंधित कुठलाही नवस तिकडेच जातो. वर तीनशेच्या घरातल्या पायऱ्या चढल्या की पोट आपोआप दुखायला लागतं, हा आत्याबाईंचा हिशेब. चालणं सिस्टरनी केलं, नारळ भावाच्या हाती पाठवला आणि एरंडेल मात्र साफ नाकारलं. एरंडेलानं जुलाब आणि उलट्या झालेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. कळा सुरू व्हायच्या आधीच अंगातलं पाणी गेलेली बाई सलाईनवर ठेवावी लागते, हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटी दवाखान्यात दाखल झाल्या. तपासणीत गर्भाशयाचं तोंड नाकाच्या शेंड्यासारखं कडक लागलं. लेबर रूममध्ये शिकवताना हीच खूण सांगतात. तयार न झालेलं तोंड बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, तयार झालेलं ओठासारखं मऊ. अमेरिकी डॉक्टर एडवर्ड बिशप यांनी १९६४ साली या मऊपणाला, उघडण्याला, लांबीला, तोंडाच्या दिशेला आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय त्याला गुण द्यायची पद्धत घातली. आजही तेच गुण मांडून ठरतं की थेट कळांची सलाईन लावायची, की आधी तोंड मऊ करायचं. सिस्टरना त्या दिवशी फारच कमी गुण मिळाले. रात्री तोंड मऊ करायचं जेल ठेवलं, सहा तासांनी पुन्हा ठेवलं, सकाळी सलाईन लावली आणि मुलगी झाली ती दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला. पायांची कातडी सोललेली, नखं बोटांच्या पुढे आलेली, चांगली ठणठणीत मुलगी.

कळा कितीही जोरात आल्या असतील, पुढे त्या त्यांना फारशा आठवल्या नाहीत. आठवत राहिली ती जेल ठेवल्यानंतरची रात्र. काहीच होत नव्हतं आणि काही होत नाही हे ठीक आहे, असं कोणी सांगतही नव्हतं. औषधाचा डोस त्यांना पाठ होता. दोन डोसांच्या मधले तास बाईला कसे जातात, हे त्या खाटेवर पडल्यावर कळलं. तेव्हापासून कळा आणायला घेतलेल्या प्रत्येक बाईला त्या आधी घड्याळ सांगतात. आज रात्री बहुतेक काही होणार नाही. झोप येईल तेवढी घे. उद्या दुपारपर्यंत पोट अधूनमधून घट्ट होईल, त्याला कळा म्हणायच्या नाहीत. नवऱ्याला सांग, दर तासाला ‘झालं का’ म्हणून फोन करू नकोस.

फाइल मागण्याचं कारण वेगळंच आहे. दिवस उलटले की नाही, हे आधी कागदावर ठरतं, पोटावर नंतर.

आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवसांचा हिशेब घरोघरी ठाऊक असतो. जर्मन डॉक्टर फ्रान्झ नेगेले यांच्या नावानं जगभर चालणारा नियम शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवायला सांगतो. त्यातून २८० दिवस येतात. दोन्ही हिशेबांत फरक दोन दिवसांचा. घोटाळा होतो तो मोजायला कुठून लागायचं यात. ‘शेवटची पाळी कधी आली?’ असं विचारलं की बऱ्याच बायका महिना चुकला ती तारीख सांगतात. तिथंच चार आठवडे इकडचे तिकडे होतात. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांत तर तारीख विचारण्यात अर्थच नसतो. तिथं साल शेतीच्या कामांनी आणि सणांनी चालतं. ‘आवणीच्या टायमाला’, ‘होळीच्या मागंपुढं’, ‘पोळा झाल्यावर’. सिस्टर तोच धागा धरून पुढे जातात. आवणी सुरू होताना की संपताना? पोळ्याच्या आधी डोक्यावरून पाणी घेतलं की नंतर?

२०२३ साली या मोजणीला एक जबरदस्त गाठ बसली. त्या वर्षी अधिक श्रावण होता. १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत अधिक, मग १५ सप्टेंबरपर्यंत निज. श्रावण दोन महिने चालला. २०२४च्या मे महिन्यात, तेरा-चौदा तारखेच्या सुमारास, पश्चिमेकडची एक बाई दाखल झाली. दुसरी खेप. पहिल्या वेळी दिवस उलटून कळा आणलेल्या. ‘श्रावणात’ म्हणून सांगितलेली शेवटची पाळी कार्डावर जुलैच्या २५ तारखेची लिहिलेली, त्या हिशेबानं तारीख टळून जवळपास दोन आठवडे झालेले. सगळं जुळत होतं. ‘हिचं पहिल्यांदा पण असंच झालं होतं’ हे सासूनं दोनदा सांगितलं. जेलचा डबा फ्रिजमधून बाहेर यायचाच बाकी होता.

सिस्टरनी सहज विचारलं, ‘‘कुठला गं श्रावण?’’

बाई म्हणाली, ‘‘नागपंचमीचा. पंचमीच्या आदल्या दिवशी न्हाले, म्हणून तर माहेरी पंचमीला जायला मिळालं.’’

नागपंचमी निज श्रावणातली, २१ ऑगस्टची. न्हाणं २० तारखेचं, म्हणजे पाळी त्याच्या तीन-चार दिवस आधी, १६-१७ ऑगस्टला आली असणार आणि तारीख पडत होती मेच्या २२-२३ला. कार्ड तीन आठवडे पुढे धावत होतं. पिशवी पुन्हा उलटीपालटी केली, तेव्हा रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक कव्हरात तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा कागद घडी घालून ठेवलेला सापडला. त्यानंही तेच सांगितलं. बाई ३९ आठवड्यांचीही पूर्ण नव्हती. तिला घरी पाठवलं. महिनाअखेर ती आपल्या कळांनी आली आणि आपल्या कळांनी बाळंत झाली. पहिल्या वेळी तिचे खरंच दिवस उलटले होते की तेव्हाही कागदच पुढे पळाला होता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवर सिस्टरचा एवढा जीव. त्या काळात बाळांची लांबी जवळपास सारखीच असते. त्यामुळे वय पाच-सात दिवसांच्या फरकानं कळतं. नवव्या महिन्यात तीच सोनोग्राफी तीन आठवड्यांनी चुकू शकते, कारण तेव्हा कोणाचं बाळ अडीच किलोचं असतं, कोणाचं साडेतीन. गंमत अशी, की बायका जपून ठेवतात ती शेवटची, बाळाचा चेहरा दिसतो ती. पहिलीचा कागद चुलीपाशी जातो. २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी होते. त्या दिवशी सिस्टर प्रत्येकीच्या कार्डाच्या आतल्या पानावर पहिल्या सोनोग्राफीची तारीख आणि त्या दिवशीचे आठवडे लाल पेनानं लिहितात. आशाताईंनाही त्यांनी हीच सवय लावली आहे. कागद हरवला तरी कार्ड उरतं.

दिवस खरोखरच उलटले असतील तर मात्र वाट बघण्यात अर्थ नसतो. वार थकते, पोटातलं पाणी कमी होतं, बाळ पाण्यात शी करतं आणि ती त्याच्या छातीत जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की ४१ आठवडे नक्की पूर्ण झाले असतील तर कळा आणाव्यात. त्यातला ‘नक्की’ महत्त्वाचा. २०१८ साली स्वीडनमधला एक अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २,७६० बायकांपैकी निम्म्यांच्या कळा ४१ आठवडे होताच आणायच्या आणि उरलेल्यांनी ४२पर्यंत थांबायचं, असं ठरलं होतं. थांबलेल्या गटात सहा बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. हे कळल्यावर आणखी बायकांना थांबायला सांगणं योग्य नव्हतं. सहा हा आकडा हजाराच्या तुलनेत लहान वाटतो. एखाद्या वाडीत वर्षाला मोजकीच बाळंतपणं होतात, तिथं त्यातलं एक जाणं म्हणजे काय, हे सिस्टरना वेगळं सांगावं लागत नाही.

कळा कशानं आणायच्या, यावर बायकांच्या मनात सगळ्यात मोठी भीती सुईची. दोन्ही तालुके दुधाचे. घरटी गाय नाहीतर म्हैस. त्यामुळे सलाईनमध्ये औषध भरताना हमखास एखादी विचारते, ‘‘म्हशीला पान्हा सोडायला देत्यात, तेच का हे?’’

हो, तेच. ऑक्सिटोसिन. खोटं बोलण्यात अर्थ नसतो, कारण पुडक्यावरचं नाव शाळा शिकलेल्या नणंदेनं वाचलेलं असतं. मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क गर्भाशय आवळतो, हे हेन्री डेल यांनी १९०६ साली मांजरावर पाहिलं. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गोठ्यातला गैरवापर रोखायचा म्हणून केंद्र सरकारनं २०१८ साली खासगी कंपन्यांना हे औषध बनवायला बंदी केली. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती रद्द केली. कळा आणायला आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं. ते कमी पडलं तर बायकांचे जीव जातील, अशी भीती होती.

फरक देण्याच्या रीतीत आहे. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ५ युनिट, मिनिटाला आठ थेंबांपासून सुरुवात आणि दर अर्ध्या तासाला थोडी वाढ. थेंब मोजताना सिस्टरचा एक हात सलाईनच्या चाकावर असतो आणि दुसरा बाईच्या पोटावर, बेंबीच्या वर. डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. पोट दगडासारखं होतं, मग सैल पडतं. दहा मिनिटांत तीन कळा आणि प्रत्येक कळ चाळीस सेकंदांच्या वर, की वाढवणं बंद. पाच-सहा यायला लागल्या तर चाक फिरवून सलाईन बंद. कारण कळ असते तेवढा वेळ बाळाला रक्त कमी पोचतं आणि त्याला मधे दम घ्यायला जागा हवी.

चाक फिरवून बंद करता येणं, हीच या रीतीची सारी सुरक्षा. एका उन्हाळ्यात दुसऱ्या खेपेची एक बाई जीपमधून आली. गावातल्या कोणा डॉक्टरनं ‘लवकर मोकळी व्हावी’ म्हणून दंडात कळांची सुई दिलेली. दंडात गेलेलं औषध परत काढता येत नाही. कळ सुटेचना. बाळाचे ठोके खाली जात होते. तिला डाव्या कुशीवर घेतलं, ऑक्सिजन लावला, नुसती सलाईन चालू केली आणि सुईचा जोर ओसरेपर्यंत सगळे हात बांधून उभे राहिले. बाळ वाचलं. दुसऱ्या खेपेचं गर्भाशय औषधाला पटकन साथ देतं, त्यामुळे असं आंधळं औषध तिथं जास्त घातक. सिस्टर आता आठवडी बाजारात ओळखीची गरोदर बाई भेटली तरी तिला हे ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत.

जेल फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि पावसाळ्यात या भागात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे सिस्टरचा जास्त भरवसा फुग्यावर. लघवीसाठी वापरतात तीच रबरी नळी गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवायची, टोकाचा फुगा सलाईनच्या पाण्यानं भरायचा आणि नळी मांडीला चिकटवून ठेवायची. फुग्याचा दाब पडून तोंड हळूहळू उघडतं आणि तीनेक सेंटिमीटर उघडलं की नळी आपोआप गळून पडते. स्वस्त आणि फ्रिज नको. नागपूरच्या दोन सरकारी दवाखान्यांत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्मृती रुग्णालयात, रक्तदाब वाढलेल्या ६०२ बायकांवर या फुग्याची आणि तोंडानं घ्यायच्या मिसोप्रोस्टॉल गोळ्यांची तुलना झाली. २०१७ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. २४ तासांत नॉर्मल बाळंत होणाऱ्या गोळीच्या गटात सुमारे ५७ टक्के होत्या, फुग्याच्या गटात ४७. गोळी सरस ठरली. पण आधीचं सिझर असेल तर ही गोळी चालत नाही. शिवलेल्या जागी गर्भाशय फाटू शकतं.

इथं पुन्हा जुनी फाइल आडवी येते. ‘मागच्या वेळी कळा आणल्या होत्या’ हे अर्धंच वाक्य असतं. कळा आणून नॉर्मल झालं, की कळा आणूनही सिझर करावं लागलं? दोन्ही बायका तोंडानं सारखंच सांगतात. पोटावरची शिवण बिकिनी रेषेत खाली गेली असेल तर घाईत नजरेतूनही सुटते. आधीचं सिझर आणि वर दिवस उलटलेले, अशी बाई दिसली की सिस्टर १०८ला फोन लावून पुण्याची वाट धरायला लावतात. ही अँब्युलन्स सेवा २०१४ साली सुरू झाली. त्याआधी अशा वेळी जीपवाल्याच्या दारात उभं राहावं लागायचं.

फाइलच नसलेल्या बायका दिवाळीनंतर येतात. पारगावचा भीमाशंकर कारखाना, निवृत्तीनगरचा विघ्नहर कारखाना सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या उतरतात. रानात कोप्या पडतात. आठव्या-नवव्या महिन्यातली बाई मोळ्या उचलत असते, कारण कोयता नवरा-बायकोच्या जोडीनं धरलेला असतो आणि उचल आधीच घेतलेली असते. अशा एका बाईनं सांगितलं, पहिल्या वेळी दिवस उलटून पोर कळा आणून झालं होतं, कार्ड गावाकडे सासूच्या पेटीत आहे. तारीख विचारली तर, ‘‘गाव सोडलं तवा तिसरा होता की चौथा.’’ सिस्टरनी तिच्या गावच्या आशाताईंचा नंबर शोधला आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर कार्डाचा फोटो आला. बाई ४० आठवडे आणि चार दिवसांची. ‘थांब’ म्हणणं सोपं होतं, पण थांबायचं कुठं? कोपीत? दाखल करून ठेवावं तर नवऱ्याचा कोयता एकट्याचा पडतो. मुकादमाशी बोलून, मोळ्या उचलायच्या नाहीत या अटीवर ती तीन दिवस कोपीत राहिली. बाळाची हालचाल मोजायची, कमी वाटली तर मोटारसायकलनं लगेच यायचं, असं ठरलं. ४१ आठवडे झाले त्या सकाळी फुगा ठेवला. संध्याकाळी मुलगा झाला आणि चौथ्या दिवशी ती परत रानात होती.

सिस्टरचं स्वतःचं दुसरं बाळंतपण मुलीनंतर चार वर्षांनी झालं. तारीख यावेळी पहिल्या सोनोग्राफीनं पक्की होती आणि तरीही ती टळली. ४१वा आठवडा संपला तेव्हा त्या काम करत होत्या त्याच दवाखान्यात दाखल झाल्या. तोंड मऊ होतं, दोन बोटं उघडलेलं. जेलची गरजच पडली नाही. पाणमोट फोडली आणि बारीक सलाईन लावली. आठ थेंब. सिस्टर पडल्या पडल्या थेंब मोजत होत्या. तास झाला, दीड तास झाला. पहिल्या वेळचा दीड दिवस डोक्यात घर करून बसलेला. त्यांनी सहकारी सिस्टरला हळूच म्हटलं, ‘‘अगं, थोडं वाढव ना.’’

‘‘आज तू पेशंट आहेस. थेंब मी मोजीन.’’

तिनं वाढवलं नाही, तेच बरं झालं. अर्ध्या तासात कळा अशा एकापाठोपाठ एक आल्या की हातमोजे चढवायलाही वेळ कमी पडला. सकाळी नऊच्या सुमाराला लागलेली सलाईन जेवणाच्या सुट्टीआधी काढलीही गेली.

या वेगाचीच सिस्टरना आता जास्त काळजी असते. दुसऱ्या वेळी कळा आपल्या आपण सुरू झाल्या की थांबत नाहीत आणि आहुप्यापासून किंवा घाटघरकडून तालुक्याला यायचं म्हणजे वळणाचा, पावसात निसरडा रस्ता. ३० जुलै २०१४ला माळीण गाव डोंगराखाली गेल्यानंतर पावसाळ्यातल्या रस्त्याची धास्ती आणखी वाढली. पूर्वेच्या सपाटीवर बिबट्या आहे. उसातून रात्री मोटारसायकल काढायला घरचे तयार होत नाहीत आणि पहाटेपर्यंत थांबलेली बाई वाटेतच मोकळी होते. जीपमध्ये, अँब्युलन्समध्ये झालेली बाळं सिस्टरनी नाळ बांधून आत घेतली आहेत. ती बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची. त्यामुळे ‘तारीख झाली आहे, आजच कळा आणा’ असं लांबून आलेली बाई म्हणते, तेव्हा सिस्टर तिला उडवून लावत नाहीत. एक बाजू औषधाची, दुसरी रस्त्याची. दोन्ही तिच्यासमोर मांडतात. अमावास्या टाळायला किंवा १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर पाळणा हलतो त्याच दिवशी नातू व्हावा म्हणून आलेल्यांना मात्र चहा पाजून परत पाठवतात.

सध्या त्यांच्याकडे इंगळूनच्या बाजूची एक बाई येते आहे. मुलगी पाच वर्षांची. त्या वेळी दिवस उलटून, जेल ठेवून, दोन दिवसांनी बाळंत झालेली. यावेळी कार्डावर लाल अक्षरातली तारीख पक्की आहे आणि ती टळून तीन दिवस झाले आहेत. नवरा चाकणच्या कंपनीतून आठवड्याची रजा काढून आला आहे. त्याचं म्हणणं, मागच्या वेळी आणल्याच होत्या ना कळा, मग आताच आणा, रजा वाया जाते. सिस्टरनी तपासलं. तोंड मऊ आहे, एक बोट जातंय, पाणी भरपूर, बाळ लाथा मारतंय. चार दिवस हातात आहेत. तेवढ्यात आपोआप कळा आल्या तर औषध टळेल. नाही आल्या तर मंगळवारी सकाळी फुगा. गावी परत जायचं नाही, एवढी एकच अट. दोघं नारायणगावात मावसभावाच्या खोलीवर उतरले आहेत. ती रोज सकाळी ठोके तपासून जाते, मुलगी बरोबर असते. काल नवऱ्यानं सुपरवायझरला फोन करून रजा गुरुवारपर्यंत वाढवून घेतली आणि सिस्टरना विचारलं, मंगळवारी आत बाहेर करायला लागेल तर चप्पल कुठं काढायची.